बाईला मानानं कसं विसरावं

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना एका शनिवार-रविवारी वॉशिंग्टन दाखवलं जातंच. तुम्हीही जाल. गेलात की अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं राष्ट्राध्यक्षांच्या बायकांचं दालन चुकवू नका. काचेआड एकीपेक्षा एक झगे उभे आहेत. १९१२ मध्ये हेलन टाफ्टबाईंनी नवऱ्याच्या शपथविधीच्या रात्री नेसलेला (नेसतात तसला तो नव्हता, पण मराठीत बाईच्या अंगावरचं सगळं नेसलेलंच असतं) आपला पांढरा झगा देऊन टाकला, १९१४ मध्ये दालन उघडलं, आणि बायकोच्या कामाचं काय करायचं हा अवघड प्रश्न कायमचा सुटला.

तिथं जरा रेंगाळा, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. बाईला इतिहासातून काढायचं तर तिची निंदा कधीही करू नये. निंदेनं बाई डोक्यात बसते. तिचं कौतुक करावं, तोंड भरून करावं, फक्त भलत्याच गोष्टीचं करावं. टाफ्टसाहेबांना मनापासून हवी होती सर्वोच्च न्यायालयाची खुर्ची, अध्यक्षपदाची हौस होती ती बाईंना. त्यांनी नवऱ्याला तिथवर नेलं. साहेबांना आपली खुर्ची मिळाली ती पुढे, १९२१ मध्ये. तुम्ही मात्र झग्याचं भरतकाम बघा, बाहेर येऊन बाईंनी लावायला घेतलेल्या चेरीच्या झाडांखाली फोटो काढा. झालं.

दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची बायको ॲबिगेल हिच्या बाबतीत हे तंत्र फार उपयोगी पडतं, कारण ही बाई खरोखर अवघड आहे. तिच्यासाठी एकच वाक्य पाठ करा: ‘बायकांची आठवण ठेवा.’ ३१ मार्च १७७६ ला तिनं फिलाडेल्फियात नवा देश घडवत बसलेल्या नवऱ्याला हे लिहिलं. जॉनरावांनी दोन आठवड्यांनी कळवलं की तुझ्या या विलक्षण कायद्यांचं मला हसूच येतं. हे वाक्य मगावर छापा, महिला दिनाला पाठवा. त्याच्यापुढे वाचायला जाऊ नका, कारण पुढे हिशेब लागतो. नवरा वर्षानुवर्षं बाहेर, कधी काँग्रेसला, कधी युरोपात. मागे शेती, मुलं, युद्धातली महागाई. बाईनं युरोपातून मागवलेला माल इथं विकला, आणि भाव पडलेले सरकारी रोखे विकत घेतले. नवऱ्याचा जीव जमिनीत. तो लिहायचा, शेत घे. ही समजावायची, रोख्यात जास्त सुटतं. सुटलंही. कायद्यानं लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, तरी त्यातल्या काही पैशांना ती पत्रात सरळ ‘माझे’ म्हणते.

आणि १८१६ मध्ये तिनं चक्क मृत्युपत्र केलं! जिच्या नावावर कायद्यानं चमचाही नव्हता, तिनं मालमत्ता वाटली, आणि ती बहुतेक सगळी दिली नातींना, भाचींना, पुतणींना आणि घरात काम करणाऱ्या बायकांना. दोन वर्षांनी ती गेली. जॉनरावांनी तो कागद फाडला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्यांनी तो पाळला. ही गोष्ट मात्र मगावर मावत नाही, म्हणून सोडून द्यावी.

चौथ्या राष्ट्राध्यक्षांची बायको डॉली मॅडिसन सोपी आहे. २४ ऑगस्ट १८१४, इंग्रज शहर जाळायला निघालेले, आणि बाईंनी जॉर्ज वॉशिंग्टनचं मोठं चित्र वाचवलं. तिच्या बुधवारच्या बैठकांत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही पक्षांची माणसं खेटून उभी असत, निम्मं राजकारण तिथंच शिजे, हे सांगू नये. बैठकीतल्या आइस्क्रीमबद्दल बोलावं. चित्र भिंतीवरून ज्यांनी उतरवलं ते दरबान आणि माळी यांच्याबद्दलही बोलू नये. ते सांगणारा पॉल जेनिंग्ज त्या घरातला पंधरा वर्षांचा गुलाम होता. हीच डॉली पुढे विधवा होऊन कंगाल झाली, तेव्हा आपण स्वतःच्या खिशातून तिला अधूनमधून पैसे देत होतो, असंही त्यानं लिहून ठेवलंय. कौतुकाच्या लेखात असली माणसं आली की लेखाची घडी मोडते.

काही बायका मात्र स्वतःच मदत करतात. ईडिथ विल्सन बघा. २ ऑक्टोबर १९१९ ला नवऱ्याला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनना, पक्षाघात झाला. कुणाला भेटू द्यायचं, कुठला कागद पलंगापर्यंत जाऊ द्यायचा, हे त्यानंतर बाई ठरवू लागल्या. मंत्र्यांचे कागद परत यायचे ते समासात बाईंच्या अक्षरातला निरोप घेऊन. पुढे आठवणी लिहिल्या त्यात म्हणतात, मी एकही निर्णय घेतला नाही. महत्त्वाचं काय नि बिनमहत्त्वाचं काय, आणि साहेबांपुढे कधी ठेवायचं, एवढंच काय ते ठरवलं. हे वाक्य कुठल्याही सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कनं फ्रेम करून लावावं. गंमत म्हणजे मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांचा तिला भयंकर तिटकारा. त्या बायकांना तो हक्क १९२० मध्ये मिळाला, आणि तेव्हा व्हाइट हाउसची दारं हीच राखत होती.

रोझा पार्क्सचं नाव पुसता येत नाही, तेव्हा तिला दमवा. दिवसभर शिवणकाम करून थकलेली गरीब बाई, पाय दुखत होते म्हणून बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही, असं मुलांना सांगा. १९४३ पासून ती मंटगमरीतल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेची चिटणीस होती, हे कळलं तर पाय दुखायचे थांबतील. तिच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची पोरगी तशीच बसून राहिली आणि पोलिसांनी तिला ओढून नेलं. बसमधला भेदभाव कोर्टात हरला तो ज्या खटल्यात, त्यातल्या चार वादी बायकांत ही पोरगी होती, रोझाबाई नव्हत्या. पण एका गोष्टीला दोन बायका म्हणजे फार होतात.

एलिनॉर रूझवेल्टला सुप्रभातच्या संदेशांत गुंतवून ठेवावं. गुलाबाच्या फोटोवर तिच्या नावानं काहीही खपतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं काम तिच्या अध्यक्षतेखाली चाललं होतं. ‘सर्व पुरुष’ खोडून तिथं ‘सर्व माणसं’ लिहायला लावलं ते आपल्या मुंबईच्या कायदे मंडळातून तिकडे गेलेल्या हंसा मेहतांनी. आपणही ही कला घरच्या घरी जोपासतो, हे त्यातल्या त्यात समाधान.

शेवटी राष्ट्रीय अभिलेखागारात जा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिथं अंधुक उजेडात ठेवलाय, रांग लागते. सह्या करणाऱ्यांची नावं १७७७ च्या जानेवारीत पहिल्यांदा छापून जगापुढे आणली बाल्टिमोरच्या मेरी कॅथरिन गॉडर्डनं. इंग्रज जिंकले असते तर तो कागद फासाचा पुरावा ठरला असता. तळाशी तिनं छापणारी म्हणून स्वतःचं नाव घातलं, पूर्ण. ती बाल्टिमोरची टपालप्रमुखही होती. १७८९ मध्ये तिला काढलं. कारण दिलं की या कामात हिंडावं फार लागतं, बाईला झेपायचं नाही. तोवर चौदा वर्षं झेपलं होतं. दोनशेहून जास्त बाल्टिमोरकरांनी अर्ज केला, तिनं स्वतः जॉर्ज वॉशिंग्टनना लिहिलं. उपयोग झाला नाही.

पण काळजी नको. काचेखाली आहे ती हातानं लिहिलेली चामड्याची प्रत, तिच्यावर छापणाऱ्या बाईचं नाव कुठून असणार! बाहेरच्या दुकानात त्याच प्रतीची नक्कल मिळते. एक घ्या. गुंडाळी करून बॅगेत मावते.