रॉनीचा बार

सकाळी सकाळी ग्रुपवर परत तोच व्हिडिओ. ॲस्टन व्हिलाचं मैदान व्हिला पार्क, सप्टेंबर 1992. लिव्हरपूलचा रॉनी रोझेन्थाल एकटाच बॉल घेऊन सुटलाय, स्पिंकसारख्या गोलकीपरला चकवून बाजूला काढलंय, समोर रिकामा गोल. आणि बॉल थाडकन गोलच्या वरच्या आडव्या बारला! खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. त्यात एका शहाण्यानं लिहिलं, "आपला बारवाला पण असलाच की."

बारवाला म्हणजे मी. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, पेठेची मॅच, गोलकीपर आडवा पडलेला आणि मी सहा पावलांवरून बार हाणला. एका गोलनं हरलो. सत्तावीस वर्षं झाली, नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नात सासरच्यांना वाटलं, जावयाचं परमिट रूम आहे.

त्या सीझनला सेमीफायनलमध्ये दोन गोल मीच मारले होते. आठवतंय कुणाला? आपल्यातल्या एकानं तरी हात वर करावा.

रॉनीचंही तेच. इस्रायलमधल्या हैफाचा पोरगा, बेल्जियममधल्या क्लबकडून लोनवर, म्हणजे उसना, लिव्हरपूलला आला. एप्रिल 1990 मध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि चार्ल्टनविरुद्ध थेट हॅटट्रिक, एका मॅचमध्ये तीन गोल. त्या सीझनला लीगच्या 8 मॅचमध्ये 7 गोल. लिव्हरपूल चॅम्पियन झालं, आणि पुढची लीग जिंकायला 30 वर्षं लागली! आज लिव्हरपूलची जर्सी घालून फिरणाऱ्या पोरांनो, 'रॉकेट रॉनी' कुणाला म्हणायचे ते तरी माहीत आहे का? पुढे 1995 ला टॉटनहॅमकडून इंग्लंडच्या एफए कपमध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध टीम 0-2 नं मागे असताना हा बदली म्हणून आत आला, हॅटट्रिक मारली, मॅच 6-2 नं जिंकली. ते रील कुणी टाकत नाही. कशाला टाकतील? त्यात हसायला काय मिळणार?

आणि ऐका, व्हिलाच्या त्याच मॅचमध्ये त्यानं नंतर गोलही मारला होता. लिव्हरपूल 4-2 नं हरलं ते सोडा. पण तसला बार हाणून, सगळ्या स्टेडियमचं हसू अंगावर घेऊन परत गोलसमोर जायला काय लागतं, ते मला विचारा. मी उरलेली वीस मिनिटं बॉल माझ्याकडं येऊ नये म्हणून देवाचा धावा करत होतो.

बरं, चुकला तो चुकलाच. आणि तो व्हिडिओ नसता तर आजच्या पोरांना त्याचं नावही कळलं नसतं, हेही मान्य. (तो इस्रायलचा म्हणून कुणी इथं राजकारण काढणार असेल तर तूर्तास माफ करा, आज विषय बारचा आहे.)

मघाशी ग्रुप सोडणार होतो. नाही सोडला. चिडवणारा तोच गडी, ज्यानं त्या दिवशी माझी किट बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. लिहिता लिहिता आठवलं.

वडील गॅलरीत होते. घरापर्यंत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले, वाटेत एक शब्द नाही. रात्री ताटावर बसल्यावर खाली मान घालूनच म्हणाले, "बूट ओले होते काय रे?"

एप्रिल महिना. ग्राउंड कोरडं ठणठणीत.

मी म्हटलं, "होय."