खंडेनवमीसाठी जपानहून तलवार

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर सुरी, कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडण्याचा ज्यांना कंटाळा आला असेल, त्यांनी जपानच्या सहलीवरून एक पुरातन कताना, म्हणजे सामुराई योद्ध्यांची तलवार, अवश्य आणावी. जुन्या बाजारातली गंजकी तलवार कोणीही आणील. कतानेला कागद लागतात, आणि कागदांना आपण कधी भ्यालो आहोत?

पहिला कागद तलवारीबरोबरच मिळतो. जपानमध्ये नोंदणीचा दाखला मालकाचा नसून तलवारीचा असतो, म्हणजे आधार कार्ड तिचे आणि आपण नुसते पालक. देश सोडताना मात्र तो परत करावा लागतो आणि त्याआधी ही वस्तू राष्ट्रीय ठेव्यांपैकी नाही, असे तेथील सांस्कृतिक खात्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. लाखो येन मोजून घेतलेल्या वस्तूत विशेष काही नाही, हे सरकारी शिक्क्यानिशी कळायला काही आठवडे जातात. आठ दिवसांच्या सहलीला आलेल्या माणसाने तेवढे आनंदाने थांबावे.

मग भूमिती. म्यानासह कताना साधारण १ मीटर भरते. बहुतेक विमान कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर चालवून घेतात. ७६, ५१ आणि ३१ सेंटीमीटरच्या बॅगेत तलवार या टोकाच्या खालच्या कोपऱ्यातून त्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घातली, तरी पायथागोरस साडेशहाण्णवच्या आसपास हात टेकतो. उरलेल्या तीन-चार सेंटीमीटरांसाठी तलवार कानशीने घासू नये. पीव्हीसीचा पाइप घ्यावा, दोन्ही तोंडे बंद करावीत आणि काउंटरवरील बाईंनी आत काय आहे असे विचारल्यास खरे तेच सांगून जादा सामानाचे पैसे भरावेत. केबिनमध्ये नेण्याचा तर विचारही नको. जिथे आईने दिलेली लोणच्याची बरणी अडते, तिथे सामुराईचे काय चालणार?

मुंबईत उतरल्यावर खरी लढाई सुरू होते. २०२५ साली रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून सोडवली, तेव्हा ती आणायला मंत्री गेले होते. आपल्यामागे फक्त बाहेर गाडी लावून उभा असलेला मेहुणा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना शस्त्र आयात करता येत नाही. घरगुती व शेतीची साधने तेवढी वगळलेली आहेत, म्हणून "साहेब, नारळ सोलायला आणली" असे म्हणून पाहावे. ते न पटल्यास कलम ४५ काढावे, ज्यात पुराणवस्तूचे मोल असलेल्या आणि बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्राला सूट आहे. तलवारीतून गोळी सुटत नाही, हे रात्री अडीच वाजता प्रात्यक्षिकासह पटवून देऊ नये, एवढेच सुचवतो.

एवढ्यावरही न भागल्यास सीमाशुल्क कायद्याचे कलम ८० आहे. सामान प्रामाणिकपणे जाहीर केलेले असल्यास ते अडकवून ठेवून, आपण पुन्हा देशाबाहेर जाताना परत देण्याची विनंती करता येते. मग ती तलवार घेऊन जपानला जावे. दाखला पूर्वीच परत केलेला असल्याने तेथे पोलिसांपुढे ती नव्याने दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते, पण आता तुम्हाला सराव झालेला असतो.

तोवर खंडेनवमी आलीच, तर पाटावर तलवारीऐवजी सीमाशुल्काची पावती मांडावी. ती आधी लॅमिनेट करून घ्यावी, कारण हळदकुंकू लागले की शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही.