'न्यूट्रलमध्ये टाका आणि निघा' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात काकांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, मग तोच शाळेच्या ग्रुपवर आला आणि रात्रीपर्यंत इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पण पोचला. वर व्हिडिओ आहे, बसएवढ्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पोटातून एक चकचकीत स्पोर्ट्स कार सरकत बाहेर येते. खाली मजकूर, थोडक्यात असा: अमेरिकन लोक रिटायर झाले की मोटरहोम घेतात, आवडती स्पोर्ट्स कार न्यूट्रलमध्ये टाकून मागे अडकवतात आणि देशभर हिंडतात, गाडी नुसती ओढली जाते म्हणून तिची झीज शून्य, पेट्रोलला काही फरक पडत नाही, गाडी इलेक्ट्रिक असेल तर ओढता ओढता फुकट चार्ज होते, हॉटेलचा खर्च वाचतो, आणि शेवटी नेहमीचं, "आपण कधी शिकणार?"

आता मी हे सहा वर्षं स्वतः करतोय. माझ्याकडे सेकंडहँड ३१ फुटी मोटरहोम आहे, फोर्ड ई-४५० च्या चासीवरची, ज्याला इकडे क्लास सी म्हणतात, आणि मागे ट्रेलरवर माझी मियाटा, म्हणजे माझदाची ती दोन सीटची उघड्या टपाची छोटी गाडी. त्यामुळे काकांना एका ओळीत "फेक आहे" लिहून सुटता आलं नाही, कारण सगळं फेक नाहीये, अर्धं खरं आहे आणि तेच डेंजर असतं.

व्हिडिओचं आधी उरकतो. ती गाडी जर्मनीतल्या वुपर्टालच्या फोल्कनर मोबिल कंपनीची आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, फरशीखाली कारचं गॅरेज असतं. ती खरीच आहे, फक्त तिची किंमत दहा लाख युरोच्या वर जाते आणि ती काही ओढत वगैरे नाही, कार पोटात घेऊन जाते. म्हणजे फॉरवर्डमधल्या मजकुराचा आणि व्हिडिओचा संबंध एवढाच की दोन्हीत एक कार आहे.

आता मेन मुद्दा, न्यूट्रलमध्ये टाका आणि अडकवा.

चारही चाकं रस्त्यावर ठेवून कार ओढायला इथे फोर डाउन म्हणतात, आणि त्या ओढल्या जाणाऱ्या कारला लाडाने टोड, म्हणजे बेडूक. तर कुठली गाडी बेडूक होऊ शकते हे आपली आवड नाही ठरवत, तिचा गिअरबॉक्स ठरवतो. साध्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. पण चाकं फिरतायत म्हणून गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतोच, तासन् तास, हायवेच्या स्पीडने, कोरडा. न्यूट्रलने काय होतं, तर इंजिनाशी संबंध तुटतो, चाकांशी नाही तुटत. हे ज्यांना कळत नाही ते चारपाचशे मैलांनंतर जळक्या तेलाचा वास घेत उभे असतात.

"मग मॅन्युअल घ्या" असं खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंच होतं. ते पण सरसकट नाही. ज्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा, मोठा गिअर तिथेच त्याच तेलात फिरतो आणि तेल उडवत राहतो, म्हणून त्या तग धरतात. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत, म्हणजे बहुतेक खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये, तेल उडवायचं काम गिअरबॉक्सातला खालचा शाफ्ट करतो आणि न्यूट्रलमध्ये तो गप्प बसतो, वरचा मात्र फिरत राहतो. म्हणून मी माझी मियाटा मॅन्युअल असूनसुद्धा ट्रेलरवर चढवून नेतो. "आम्ही वर्षानुवर्षं चारही चाकांवर ओढतोय, काही झालं नाही" म्हणणारे भेटतात, भेटोत, त्यांच्या गिअरबॉक्सचे पैसे मी देणार नाहीये.

आणि मजा बघा, इथे खूप ओढल्या जाणाऱ्या गाड्यांतली एक म्हणजे जीप रँग्लर, तिचं मॅन्युअल उघडून वाचा. त्यात गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये टाकायचाच नसतो! न्यूट्रल करायची ती ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरबॉक्सामागचा वेगळा डबा, आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवायचा. म्हणजे फॉरवर्ड वाचून जीपवाल्याने केलं तरी चुकलं. होंडाची सीआर-व्ही पण एकेकाळी मोटरहोमवाल्यांची लाडकी होती, २०१४ पर्यंतची. २०१५ ला तिच्यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि खेळ संपला, त्यामुळे "आमच्या शेजाऱ्याची सीआर-व्ही ओढतात" हा पुरावा पण कुठल्या सालची ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि स्वप्नातली जी गाडी, शेवरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट, २०२० पासूनच्या मॉडेलमध्ये मॅन्युअल मिळतच नाही, आठ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे. ती ट्रेलरवरच जाते, चारही चाकं वर. विषय संपला.

(डॉली नावाचा एक प्रकार असतो, पुढची दोन चाकं छोट्या गाड्यावर आणि मागची रस्त्यावर. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग, फिरायला नको ती चाकंच फिरतात. ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतचा दांडा, काढून ठेवा म्हणतात. दर सुट्टीला गाडीखाली झोपून शाफ्ट काढायची हौस असेल तर जरूर.)

इलेक्ट्रिकचा मुद्दा वाचून मी खरंच कपाळाला हात लावला. टेस्लाचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं की गाडी नेताना चाकं जमिनीला लागता कामा नयेत, कारण चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर वीज तयार करते आणि त्यातून गाडी तापून नुकसान होऊ शकतं. आणि समजा चार्ज झाली तरी फुकट कशी? ती वीज येणार मोटरहोमच्या पेट्रोलमधून, मधे निम्मीशिम्मी उष्णतेत घालवून. हे म्हणजे विहिरीवर पंप लावून पाणी परत विहिरीतच सोडायचं आणि लाइट बिल वाचलं म्हणून पेढे वाटायचे.

ट्रेलरवर घ्यायचं ठरलं की पुढचा विषय वजनाचा, आणि ह्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. हिशोब सोपा आहे, करत मात्र कोणी नाही. कॉर्व्हेट साधारण ३,६०० पाउंड. यू-हॉल ह्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचा कार वाहून नेणारा ट्रेलर रिकामाच २,२१० पाउंडांचा. झाले ५,८०० च्या वर. आणि पेट्रोलवर चालणाऱ्या कित्येक मोठ्या मोटरहोमच्या हिचवर, म्हणजे मागे ओढायची वस्तू अडकवायच्या जोडावर, लिहिलेलं असतं ५,०००. इथेच संपलं, गिअरबॉक्स, टायर, घाट सगळं बाजूला ठेवा. माझ्या ई-४५० ला गाडीचं स्वतःचं भरलेलं वजन जास्तीत जास्त १४,५०० पाउंड आणि मागच्यासकट सगळं मिळून २२,००० चालतं, म्हणजे कागदावर मागे ७,५०० उरतात, पण तिथेही हिचवरचा आकडा कमी असेल तर तोच धरायचा. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, म्हणजे थेट मोटरहोमच्या मागच्या ॲक्सलवर, जिथे आधीच पलंग आणि सामान असतं. पाण्याची टाकी वेगळीच, ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पाउंड, बायको म्हणते तू पाणी मोजतोस पण स्वतःला नाही मोजत. मी दर ट्रिपच्या आधी ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जाऊन येतो, काही डॉलर लागतात. मियाटा २,३५० च्या आसपास आणि ट्रेलर ॲल्युमिनियमचा, म्हणून माझं सगळं चार हजारांत बसतं. मियाटाच का घेतली, कॉर्व्हेट का नाही, ह्याचं उत्तर बँक बॅलन्स सोडून हे पण आहे.

झीज शून्य? चारही चाकांवर ओढलेल्या गाडीचे टायर झिजतात, बेअरिंग फिरतात, मोटरहोमच्या मागच्या चाकांनी उडवलेले खडे बरोब्बर बॉनेटवर बसतात. शिवाय टो बार, म्हणजे दोन गाड्यांमधला ओढायचा दांडा, अडकवायला पुढच्या बंपरमागे बेसप्लेट नावाची लोखंडी चौकट बसवायची, त्यासाठी बंपर उघडायचा, बऱ्याचदा कापायचा, मग लाइटची वायरिंग, मग ओढलेल्या गाडीचे ब्रेक लागावेत म्हणून वेगळी सिस्टिम, मग मागची गाडी सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच. काही हजार डॉलर गेले समजा. ट्रेलरवर गाडी सुखरूप असते हे खरं, पण तिथे दुसरी गंमत आहे जी कोणी सांगत नाही. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटलेली, ट्रेलरचा रॅम्प उभा, पहिल्या वेळी मी बंपर असा घासला की शेजारी बाहेर येऊन बघून गेला. आता लांब फळ्या लावतो. पण खरी पंचाईत पुढेच, गाडी वर चढवली, हँडब्रेक लावला, आता उतरा! स्पोर्ट्स कारचा दरवाजा लांब आणि खाली, ट्रेलरच्या चाकावरचं मडगार्ड नेमकं तिथेच, दरवाजा चार बोटं उघडतो. मियाटाचं टप उघडून मी वरून बाहेर येतो, पन्नाशीत, पाऊस पडत असेल तर पावसात, आणि पोरगं व्हिडिओ काढत असतं. पक्क्या टपाची गाडी असती तर खिडकीतून यावं लागलं असतं, किंवा ज्याचं मडगार्ड काढता येतं असा महाग ट्रेलर.

पेट्रोलचं पटकन सांगतो. माझी मोटरहोम ट्रेलरसकट गॅलनला ८ मैल देते, आपल्या भाषेत लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आत. एडिसनहून टेनेसीपर्यंत ७०० मैल, म्हणजे ८७ गॅलन, ३ डॉलरचा भाव धरला तरी एका बाजूचे २६० डॉलर. त्यात कॅम्पग्राउंडचं रात्रीचं भाडं, मोटरहोमचा हप्ता, इन्शुरन्स, हिवाळ्यात उभी करायला जागा. हॉटेलचा खर्च वाचतो हो, दुसरीकडून जातो. मी एकदा एक्सेलमध्ये मांडायला बसलो होतो, मग फाइल सेव्ह न करता बंद केली.

रिव्हर्स हा विषय तर फॉरवर्डवाल्याच्या स्वप्नातही आला नसेल. चारही चाकांवर गाडी जोडलेली असेल तर मागे घेताच येत नाही, मागच्या गाडीची पुढची चाकं आपोआप वळतात, अडकतात आणि टो बार वाकतो. माझा एक मित्र व्हर्जिनियात एका पेट्रोल पंपावर शिरला, पुढे रस्ता बंद, मागे चार गाड्या हॉर्न मारतायत, आणि हा उतरून जीप सोडवतोय, बायको जीप बाजूला घेतेय, मग मोटरहोम मागे, मग परत जोडणी. अर्धा तास. तेव्हापासून तो पंपात शिरायच्या आधी नकाशावर वरून बघतो. ट्रेलर मागे घेता येतो पण शिकावं लागतं, आणि कॅम्पग्राउंडवर आरपार जाणारी जागा नाही मिळाली तर ट्रेलर ठेवायचा कुठे हा वेगळाच प्रश्न. शिवाय कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर ५५ मैलांच्या वर जायचं नाही, बाजूने सगळे ७५ ने जात असले तरी.

एवढं सगळं आहे तर मी का करतो, हे काकांनी विचारलंच. कारण फॉरवर्डमधली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे, मुक्कामी पोचल्यावर छोटी गाडी हवीच. मोटरहोम एकदा लेव्हल करून वीज-पाणी-सांडपाणी जोडलं की दूध आणायला ती उचलणार का? आणि बघण्यासारखे रस्ते तर मोठ्या गाडीला बंदच असतात. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या घाटाच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. साउथ डकोटात नीडल्स हायवेवरचा बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे. आणि नॉर्थ कॅरोलिना-टेनेसीच्या हद्दीवरचा टेल ऑफ द ड्रॅगन, ११ मैलांत ३१८ वळणं, तिथे ३१ फुटी घर घेऊन जाणं म्हणजे दुसऱ्यांच्या शिव्या खाणं. मी खाली कॅम्पग्राउंडवर मोटरहोम लावतो, पहाटे साडेसहाला टप उघडून निघतो, ट्रॅफिक नसतं, धुकं असतं, तिसऱ्या गिअरमध्येच जवळजवळ सगळं. त्या वीसपंचवीस मिनिटांसाठी ७०० मैल चार हजार पाउंड ओढत आणतो. वेडेपणा आहे, पण निदान माझा मी मोजून केलेला आहे.

हे सगळं लिहून ग्रुपवर टाकलं तर काकांचा रिप्लाय, "ते अमेरिकेचं झालं, आपण पुण्याहून गोव्याला असं करू, महाराष्ट्राची २०२१ ची कॅराव्हॅन पॉलिसी आहेच, कॅराव्हॅन भाड्याने घेऊ, मागे आपली आय-ट्वेंटी दोरीने." काकांना सांगितलं की पॉलिसी कॅराव्हॅनची आहे, दोरीची नाही. आपल्याकडच्या नियमात बंद पडलेली किंवा अर्धवट जुळणी झालेली गाडी, रजिस्टर्ड ट्रेलर नाहीतर साइडकार एवढंच ओढता येतं, चालू गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून नेता येत नाही. पाच मिनिटं टायपिंग चालू दिसलं. मग आलं, "बंद पडली आहे असं सांगू ना पोलिसांना."

सांगा की काका. पण तसं सांगितलं तर ती जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यायची असते, आणि आंबोली घाटात तुम्हाला अडवणारा हवालदार विचारेल की पुण्यापासून इथपर्यंत एकही गॅरेज लागलं नाही का.