साठीनंतर पोहू नका म्हणे!

पोहण्याच्या टँकच्या उन्हाळी बॅचचे फलक लागले की ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. यंदाही तो जळगावहून धुळ्याला जाऊन परत आला. म्हणणं थोडक्यात असं: साठीनंतर गार पाण्यात उतरलं की हृदय बंद पडतं. पाण्याने वात धरतो, गुडघे जातात. क्लोरीनने फुप्फुसं खराब होतात. या वयात नव्याने पोहणं येत नाही. लहानपणी विहिरीत पोहलेल्यांनी खुशाल उतरावं, बाकीच्यांनी चालावं. खाली ‘नामांकित हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला’. नाव नाही, गाव नाही.

हृदयाचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून आधी तोच घेतो. अंगावर एकदम गार पाणी आलं की श्वास अडकतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. अधू हृदयाला हा धक्का धोक्याचाच. पण हा धोका पाणी किती गार आहे आणि आपण किती घाईने उतरतो यावर ठरतो. स्पर्धेच्या टँकचं पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवतात. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना भुसावळच्या उघड्या टँकातलं पाणी दुपारी गार कसलं, कोमटच लागतं. जानेवारीतलं धुळं वेगळं. पारा पाच-सहावर आलेल्या पहाटे बिनहीटरच्या टँकात जाऊ नका, हे मीही सांगेन. मजकुरात महिना लिहिला असता तर आमचं भांडणच नव्हतं.

उतरायचं ते शिडीने. तोंडावर, मानेवर पाणी मारून छातीभर पाण्यात दोन-तीन मिनिटं उभं राहायचं. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयाचं काम वाढतं. म्हणून नुकताच झटका येऊन गेलेल्यांनी, हृदय कमजोर असलेल्यांनी किंवा बीपी आटोक्यात नसलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. बाहेर येतानाही हळूच या, एकदम वर आलं की चक्कर येते. बीटा-ब्लॉकरची (बीपी-हृदयासाठी देतात ती) गोळी चालू असेल तर नाडी मोजून जोर ठरवू नका, ती गोळी नाडी दाबूनच ठेवते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि काठावर थोडा गूळ-साखर ठेवावी.

आता गुडघे. इथे मजकूर साफ उलटा आहे. कमरेएवढ्या पाण्यात पायांवरचा भार साधारण निम्मा होतो, मानेएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना सात किलोच सोसायचे. मग पोहून गुडघे दुखल्याची तक्रार येते कुठून? बहुतेक वेळा ब्रेस्टस्ट्रोकमधून, म्हणजे बेडकासारखं पोहण्यातून. त्यात गुडघा दुमडून, नडगी बाहेर वळवून पाय झटक्याने जुळवतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधाला ताण बसतो. गुडघे झिजलेल्यांनी किंवा खुबा बदललेल्यांनी ही लाथ सोडूनच द्यावी. फ्रीस्टाइल (पालथं होऊन, आळीपाळीने हात मारत पोहणं) आणि उताणं पोहणं यांत पाय खुब्यापासून हलतो, गुडघा सैल राहतो. पाणी आपटायची गरज नसते.

खांद्याचं मात्र बघावं लागतं. फ्रीस्टाइलमध्ये हात अंगठ्याकडून पाण्यात खुपसला किंवा डोक्यासमोरून पलीकडे गेला, तर खांद्यातले स्नायुबंध चिमटतात. बोटं आधी, खांद्याच्या रेषेत, आणि सोबत धडही कुशीवर वळलं पाहिजे. हाताच्या पंजाला बांधायचं चपटं पॅडल नकोच. किकबोर्ड (पाय मारताना धरायची तरंगती फळी) हात ताणून धरल्यानेही मान आणि खांदे अवघडतात. त्यापेक्षा उताणं होऊन, हात अंगाशी ठेवून नुसते पाय मारा.

या वयात शिकता येत नाही, म्हणे. जपानच्या मिएको नागाओका या बाईंनी गुडघ्याच्या दुखण्यासाठी पोहायला सुरुवात केली ती ऐंशीच्या घरात. २०१५ मध्ये, वयाच्या १००व्या वर्षी, त्यांनी २५ मीटरच्या टँकात १५०० मीटर पूर्ण केले, सव्वा तासाच्या आसपास, आणि तेही उताणं पोहून. आपल्याकडे विहिरी पोरांच्या होत्या, पोरींच्या वाट्याला पाणी शेंदणंच आलं. त्यामुळे साठीतल्या कितीतरी काकू लेडीज बॅचला पहिल्यांदा पाण्यात उतरतात. काठाचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून बुडबुडे सोडायचे, एवढंच आधी शिकतात. हे जमलं की निम्मी भीती जाते.

क्लोरीनचं एवढंच: डोळ्यांत झोंबणारा वास क्लोरीनमध्ये घाम आणि लघवी मिसळल्याने येतो. उतरण्याआधी सगळ्यांनी शॉवर घेतला तर तो कमी होतो. दमेकऱ्यांनी मात्र बंदिस्त टँकात जपून.

चालण्याबद्दल मजकूर चुकून बरोबर बोलला आहे. पोहण्याने हाडांवर भार येत नाही, म्हणून हाडांसाठी चालणं, जिना, थोडं वजन उचलणं चालूच ठेवावं. पण मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देत असताना खान्देशातल्या म्हाताऱ्याला नुसतं ‘चाला’ म्हणणं ही काय सोय झाली?

सगळ्यात घातक ओळ विहिरीची. आमचे आबा-आप्पा पाठीला भोपळा किंवा डबा बांधून शिकले, मान वर ठेवून. वरून कोण उडी टाकतंय ते बघायलाच लागायचं. ती वर उचललेली मान टँकात तशीच राहिली की कंबर बुडते आणि स्पॉन्डिलायटिस असलेल्यांना घरी जाऊन गळ्याला पट्टा लावावा लागतो. त्यात यांना वाटतं, आपल्याला कोच कशाला! काही तर सरळ तापीवर नाहीतर गिरणेवर जातात. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी बघता बघता चढतं, तिथे जुना सराव कामाला येत नाही.

अशा पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही सुरुवात साधीच करावी. छातीभर पाण्यात पाच मिनिटं चालणं, मग २५ मीटरच्या चार फेऱ्या, एक फ्रीस्टाइल, एक उताणी. मधे पूर्ण वाक्य न धापता बोलता येईपर्यंत काठाला थांबायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. अंगवळणी पडलं की आधी थांबण्याचा वेळ कमी करा, फेऱ्या त्यानंतर वाढवा.