‘पाण्याचीच गाठ आहे’ म्हणून तपासणी सोडू नका

आमच्या यवतमाळ-वणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘स्वादुपिंडात पाण्याची गाठ निघाली तर घाबरू नका, पाण्याच्या गाठीत कॅन्सर नसतो. सोनोग्राफी पुरे. सीटी म्हणजे पैसे काढायचं काम, त्याच्या किरणांनी गाठ पसरते. सुई तर टोचूच देऊ नका.’ मी सीटीच्या मशीनवर काम करतो. हा मेसेज वाचून अर्ध्यातून उठून जाणारी माणसं मला रोज भेटतात, म्हणून लिहितोय.

पाण्याच्या गाठीत कॅन्सर नसतो, हे अर्धंच खरं. स्वादुपिंडातल्या बऱ्याच पाणगाठी निरुपद्रवी असतात. पण तिथे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर नावाची एक गाठ होते, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून वाढणारी. ती बहुधा भरीव असते. शंभरातल्या दहा-पंधरा मात्र आतून पाण्याने भरलेल्या निघतात. त्यातल्या काही पुढे यकृतात पसरू शकतात. शुगर नॉर्मल आली म्हणजे स्वादुपिंड ठणठणीत, असंही नाही. यातल्या बहुतेक गाठी रक्तात काहीच गडबड करत नाहीत.

सोनोग्राफीत पाणी दिसतं, पण स्वादुपिंड जठराच्या मागे असतं आणि त्याचं शेपूट बऱ्याचदा गॅसमुळे झाकलं जातं. शिवाय खरी ओळख पाण्यात नसतेच, ती गाठीच्या भिंतीत असते.

मागे एक काका आले. रिपोर्ट सातबाऱ्याच्या पिशवीत, घडी पडून पडून मऊ झालेला. म्हणाले, “पाण्याचीच तं गाठ हाय ना भाऊ, मंग इंजेक्शन काहून देता?” त्यांचा सीटी आधी एका ठिकाणी झाला होता, पण औषध न टोचता. त्यात एक काळसर गोल दिसत होता, बस. या गाठीच्या भिंतीला रक्तपुरवठा भरपूर असतो. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत पांढरं उजळणारं औषध, वेगाने सोडलं की साधारण 35 ते 45 सेकंदांत ती भिंत उजळते. 70 सेकंदांच्या आसपास पुन्हा फोटो घेतात, तोवर कधीकधी ती आजूबाजूला मिसळून जाते. म्हणून दोन्ही वेळचे, बारीक कापांचे फोटो लागतात. आमच्याकडे कॉन्ट्रास्ट दिल्यावर काकांच्या पहिल्या वेळच्या फोटोंत काळ्या गोलाभोवती पांढरी बांगडी उठली. मी स्क्रीन वळवून दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, “बोंडअळीवानी हाय हे. बोंड वरतून हिरवंगार, अन् आत...”

पैशाची तक्रार मला मान्य आहे. काकांना दोनदा खर्च पडला, वेचणीचे दोन दिवस बुडाले. पण तो खर्च अर्धवट सीटीमुळे पडला. स्वादुपिंडासाठीचा, कॉन्ट्रास्टसह सीटी हवा, हे आधीच विचारून घ्या, आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट सोबत आणा.

किरणांनी गाठ पसरत नाही. डोस असतो, म्हणून उगाच वारंवार सीटी करू नये, इतकंच.

बांगडी दिसली म्हणजे निदान झालं, असंही मी म्हणणार नाही. काही गाठींत ती उठत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या गाठीही तशा दिसू शकतात. तिथे सुई कामाला येते. ती तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून, जठराच्या भिंतीतून, सोनोग्राफीत बघत टोचतात. गाठीतून काढलेल्या पाण्यात सीईए नावाचं प्रथिन जास्त आलं तर संशय चिकट द्रवाच्या गाठीवर जातो, अमायलेज हा स्वादुपिंडाचा पाचक रस जास्त आला तर स्वादुपिंडाच्या सुजेनंतरच्या पाण्यावर. या ट्यूमरमध्ये दोन्ही सहसा कमी असतात आणि भिंतीतल्या पेशी खरं सांगतात. सुईने गाठ पसरण्याच्या घटना फार विरळ आहेत. गॅलियमचा डोटाटेट पेट स्कॅनही मदत करतो; त्यात अशा गाठीच्या पेशींना चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचून फोटो काढतात. पण ते गॅलियम 68 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ही सोय मोठ्या शहरांतच सापडते.

दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर डॉक्टर कधीकधी नुसती नजर ठेवतात. ती नजर ठेवायला जुने फोटो लागतात. काकांना मी सीडी दिली, तेव्हा त्यांनी ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.