हॉटस्पॉटनं वीज पडत नाही, आणि खातंही रिकामं होत नाही

गेल्या पंधरवड्यात आमच्या सेलू तालुक्यातल्या गावात एकच मेसेज पाच ग्रुपवर फिरला. भजनी मंडळाच्या, पीकविम्याच्या, सोयरीक जुळवायच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: ‘सावधान! मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला की जोडणारा माणूस दोन मिनिटांत तुमचं बँक खातं रिकामं करतो. कोणी जोडलेलं नसलं तरी डेटा उडत राहतो. हॉटस्पॉटच्या लहरी साध्या नेटच्या दसपट घातक. विजा चमकताना हॉटस्पॉट वीज खेचतो. आणि दुसऱ्याला नेट देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. किमान दहा जणांना पाठवा.’

दहा जणांना तो गेलाच. शेजारच्या अण्णांनी त्याच रात्री हॉटस्पॉट बंद केला. त्यांच्या पलीकडच्या घरात बीएस्सीला असलेली पोर आहे. घरात स्मार्टफोन एकच, तोही बापाबरोबर शेतात असतो. रात्री आठ ते दहा ती अण्णांच्या नेटवर जुन्या लॅपटॉपवर लेक्चर बघायची. ती मागायला आली तर अण्णा म्हणाले, “नको माय, त्या मेसेजमध्ये लई वंगाळ लिहिलंय.”

आता एकेक दावा घेऊ. पहिला बँक खात्याचा, कारण अण्णा खरे त्यालाच भ्याले.

हॉटस्पॉट म्हणजे फोननं सिमवरून टॉवरचं नेट घ्यायचं आणि वायफायनं आजूबाजूला वाटायचं, एवढंच काम. घरच्या राऊटरचंही हेच काम. फरक इतकाच की राऊटरला नेट तारेतून येतं आणि लाईट गेली की तो गप होतो. तुमच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या माणसाला नेट मिळतं. तुमचे फोटो, मेसेज, बँकेचं ॲप मिळत नाही. शेजाऱ्याला बोअरचं पाणी दिलं म्हणून त्याच्या हाती तिजोरीची किल्ली जात नाही. यूपीआयचं ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि ॲप त्या सिमला, त्या फोनला बांधलं जातं. त्यावर पुन्हा पिन. शेजारच्या लॅपटॉपवरून यातलं काही हलत नाही.

उलट मेसेजनं धोक्याची दिशाच चुकवलीय. नेट देणाऱ्यापेक्षा अनोळखी नेट घेणाऱ्यानं जास्त सांभाळायला हवं. बसस्टँडवर बिनपासवर्डचं फुकट वायफाय दिसलं म्हणून जोडलं, तर ज्याचं ते वायफाय आहे त्याला तुम्ही कोणत्या वेबसाइटवर गेलात हे कळू शकतं, आणि तो तुम्हाला खोट्या पानावरही नेऊ शकतो. बँकेच्या पानावर लिहिलेलं सहसा एचटीटीपीएसमुळे कुलूपबंद असतं, पण ब्राउझरनं इशारा दिला तर तिथंच थांबावं.

खाती रिकामी होतात ती दुसऱ्याच दारानं. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’, ‘ई-चलान’, ‘पीएम किसान’ अशा नावानं एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवायची फाइल, येते. माणूस ती उघडून इन्स्टॉल करतो, एसएमएस वाचायची परवानगी देतो आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातात. हॉटस्पॉट बंद ठेवून ही चोरी थांबत नाही. ती ज्या वाटेनं येते, त्याच वाटेनं हा मेसेजही आला, हे अण्णांना सांगितलं तर ते हसले नाहीत. बरोबरच आहे म्हणा.

तरी एक गोष्ट मेसेजवाल्याच्या पदरात टाकतो. तुमच्या नेटवरून कोणी धमकीचा मेसेज पाठवला किंवा फसवणूक केली, तर माग आधी तुमच्या नंबरापर्यंत येतो. म्हणून पासवर्ड ठेवावा, आणि तो १२३४५६७८ नसावा. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही कुलुपाची पद्धत निवडावी, ‘ओपन’ ठेवू नये. कोण जोडलेलं आहे ते त्याच पानावर दिसतं. अनोळखी नाव दिसलं की पासवर्ड बदलायचा.

डेटाचा दावा अर्धवट आहे. कोणीच जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट बॅटरी थोडी खातो, डेटा नाही. पण लॅपटॉप जोडला की गोष्ट वेगळी. त्याला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत. मग विंडोजचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, सगळं मागच्या मागं सुरू होतं, व्हिडिओही भारी क्वालिटीत चालतो. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा तासाभरात संपतो आणि नेट बहुतेक ६४ केबीपीएसवर येऊन रांगायला लागतं. माणूस म्हणतो, हॉटस्पॉटनं डेटा खाल्ला. खाल्ला लॅपटॉपनं. विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजून वापरायचं नेट) करून टाका आणि व्हिडिओ ३६० किंवा ४८० वर ठेवा. लेक्चरमधला फळा तेवढ्यात वाचता येतो. काही फोनमध्ये हॉटस्पॉटला डेटाची मर्यादाही घालता येते.

लहरींचं म्हणाल तर ‘दसपट’ हा आकडा कुठून आला ते मेसेजात नाही. हॉटस्पॉटच्या लहरी म्हणजे वायफायच्याच, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या. वायफायची ताकद साधारण ०.१ वॉटच्या आसपास. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२बी’ गटात टाकलं, हे खरं आहे. त्या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा’, आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. भारतात फोनसाठी ‘सार’ची, म्हणजे शरीर फोनच्या लहरी किती शोषतं त्या मापाची, मर्यादा किलोमागे १.६ वॉट आहे; तुमच्या फोनचा आकडा *#०७# दाबून दिसतो.

गंमत अशी की फोन अंगापासून लांब ठेवायचा असेल तर हॉटस्पॉटच कामाला येतो. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची, भिंती दोन-दोन हात रुंद. आत रेंजची एक कांडी. रेंज कमी असली की टॉवरला गाठायला फोन जास्त जोर लावतो, तापतो, बॅटरी उतरते. तोच फोन खिडकीत किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवा, जिथं रेंज चांगली आहे, आणि हॉटस्पॉटवरून आत नेट घ्या. फोनचा जोर कमी लागतो आणि तो अंगापासूनही दूर राहतो. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर साधारण चौथाईवर येतो.

विजेच्या दाव्यानं मात्र माझं डोकं फिरलं, कारण आपल्याकडे अवकाळीत आणि मृगाच्या आधी वीज पडून दरवर्षी माणसं, जनावरं जातात. वीज उंच वस्तू शोधते: एकटा लिंब, उघड्या रानात उभा माणूस. खिशातला फोन तिला बोलावत नाही, हॉटस्पॉट चालू असो वा बंद. या मेसेजचा तोटा असा की हॉटस्पॉट बंद केला म्हणजे आपण वाचलो, असं समजून माणूस झाडाखालीच उभा राहील. झाड सोडा, पक्क्या घरात जा, चार्जरला लावलेला फोन हातात धरू नका. तारेतून येणारा झटका खरा असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजेचा इशारा देतं. त्याला नेट लागतं. रानात सोबतच्याचा रिचार्ज संपला असेल तर त्याला हॉटस्पॉट द्या.

राहिला कायदा. घरच्यांना, शेजाऱ्याला फुकट नेट देणं हा गुन्हा नाही. आणि दुकानातून लोकांना वायफाय पुरवायचं असेल तर केंद्र सरकारनंच डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात दुकानदाराला परवानाही लागत नाही.

हे सगळं मी अण्णांना ओट्यावर बसून सांगितलं. बऱ्याच वेळानं त्यांनी हॉटस्पॉट चालू केला. पोरीनं लॅपटॉप उघडला, तर यादीत नावच नाही. अण्णा उठून उभे राहिले. “बघ, म्हणलं नव्हतं? सरकारनं बंद केलं!” फोन हातात घेऊन बघितलं तर नव्या अपडेटनंतर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर गेला होता आणि तिच्या जुन्या लॅपटॉपला तो बँडच कळत नाही. २.४ वर आणला. नाव आलं. पासवर्ड तिनंच नवा टाकला, अण्णांनी तो विम्याच्या पावतीमागं लिहून घेतला.