नितळ पाणी म्हणजे माशांसाठी चांगलं पाणी नव्हे

घरच्या फिशटँकविषयी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरतो आहे आणि आपल्या मराठवाड्यातल्या गटांवर तो फार विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाणी काचेसारखं नितळ असेल तर तपासायची गरज नाही. बोअरचं पाणी नैसर्गिक, ते थेट टाकावं. नळाचं रात्रभर ठेवावं. आरओचं मिळालं तर उत्तमच. गढूळ वाटलं तर तुरटी फिरवावी, चिमूटभर मीठ घालावं. आणि दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी-फिल्टरसकट घासून धुवावी. यातल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे. बाकीच्या सल्ल्यांनी मासे मरतात, आणि मग खापर फुटतं ते 'आपल्याकडच्या वाईट पाण्या'वर.

आधी नितळपणाचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. या अमोनियाला रंग नसतो, आणि माशाला त्रास होईल एवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. म्हणजे विष बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, टाकीतच तयार होतं, आणि डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या भागात हे जास्त गंभीर का, ते नीट समजून घ्यायला हवं. पाणी तपासायचं किट अमोनियाचा एकूण आकडा दाखवतं. त्यातला किती भाग विषारी रूपात आहे, ते पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) आणि तापमानावर ठरतं. पीएच 7 आणि 25 अंश तापमान असेल तर जेमतेम अर्धा टक्का. पीएच 8 आणि 30 अंशांवर तोच भाग सात टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडचं भूजल काळ्या बेसाल्ट खडकातून येतं. ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं आणि त्याचा पीएच सहसा 7 च्या वरच असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या घरात टाकीचं पाणी 30 अंशांच्या पुढे सहज जातं. म्हणून 'अर्धा पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) अमोनिया चालतो' हे कुठेतरी वाचलेलं वाक्य इथे लावू नका. इथे आकडा शून्यच हवा.

आता रविवारची धुलाई. या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, आणि तो स्वच्छतेच्या नावाने येतो म्हणून लोक मनापासून पाळतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर सूक्ष्म जीवाणूंचा थर बसतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. हा थर नव्या टाकीत तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तुम्ही स्पंज नळाच्या क्लोरीन असलेल्या पाण्याखाली पिळता, खडी घासून उन्हात वाळवता, तेव्हा तो मरतो आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी चकचकीत दिसतं, आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. नायट्राइट वाढलं तर माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. एअर पंप जोरात चालू असूनही मासा गुदमरतो.

करायचं एवढंच: आठवड्याला टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढा, खडीतला गाळ पाइपने ओढून घ्या, आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळून परत लावा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात दर आठवड्याला शंभर लिटरची अख्खी टाकी मोरीत ओतायला सांगणं मला सहनच होत नाही. आणि काढलेलं चौथा हिस्सा पाणीही ओतून देऊ नका. त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून चालतं. मीठ किंवा औषध घातलेलं नसेल तर कुंड्यांना घाला.

बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, हे खरं. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे खरं नाही. शेतातली रासायनिक खतं आणि शौचालयांचे शोषखड्डे यांच्यामुळे भूजलात नायट्रेट उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत मराठवाड्यातले बरेच नमुने तिच्या वर दिसतात. नायट्रेट आधीच भरलेलं पाणी घालून टाकीतलं नायट्रेट कमी होणार नाही. दुसरं असं की खोल बोअरमधून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. एक ग्लास पाण्याचा पीएच लगेच तपासा, दुसऱ्या भांड्यात रात्रभर एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) लावून सकाळी तपासा. दोन्ही पीएचमध्ये फरक दिसला तर पाणी थेट टाकायचं नाही, हे तुमच्याच डोळ्यांनी कळेल.

मात्र आपल्या जड पाण्याला उगाच नावं ठेवू नका. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना असंच पाणी मानवतं. निऑन टेट्रा किंवा डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे आणून पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला साजेसा मासा आणणं शहाणपणाचं.

नळाच्या पाण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. रुंद तोंडाच्या उघड्या भांड्यात एअर स्टोन लावून 24 तास ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. झाकण लावलेल्या ड्रममध्ये रात्रभर ठेवून ते पुरेसं जाईलच असं नाही. आपल्याकडे नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, मग पाणी हौदात साठतं, आणि घरातलंच कुणी त्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतं. टँकरमध्येही ती घालतात, पावसाळ्यात जरा सढळ हाताने. त्यामुळे गेल्या वेळी चाललं म्हणून याही वेळी चालेल, असं गृहीत धरता येत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी चाचणी घरीही करता येते: पाण्यात ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली की क्लोरीन आहे. घाई असेल तर दुकानातलं अँटिक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, नवीन पाण्यात आधी विरघळवा. ते क्लोरीन मारतं, टाकीतला अमोनिया नाही.

आरओच्या बाबतीत लोकांना टीडीएस मीटर फसवतं. ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. अमोनिया किती, हे त्यातून कळत नाही. आणि आरओ क्षारांबरोबर बायकार्बोनेटही काढून टाकतं. किटवर ज्याला केएच म्हणतात तो हाच साठा. जीवाणू अमोनिया पचवतात तेव्हा तो खर्च होत जातो; संपला की पीएच घसरतो, जीवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचतो. कमी पीएचमुळे तो तेवढा विषारी नसतो, म्हणून मासे तग धरतात. मग एक दिवस कुणीतरी बोअरचं भरपूर पाणी ओततं, पीएच उसळी मारतो आणि साचलेला अमोनिया एकदम विषारी होतो. 'पाणी बदललं आणि सकाळी सगळे मेले' यामागे पुष्कळदा हेच असतं. पाणी फारच मचूळ असेल तर आरओ आणि बोअरचं मिसळून, केएच मोजून वापरा. नुसतं आरओ नको.

तुरटीने गाळ बसतो, अमोनिया जात नाही, उलट केएच कमी होतो. टाकीत ती फिरवू नये. मीठ नायट्राइट वाढल्यावर खरंच उपयोगी पडतं, कारण त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण रोजची चिमूट नको: पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि साचत जातं.

किट घेताना थेंबांचं घ्या आणि बाटलीवरची मुदत बघा. पाण्यात बुडवून रंग बघायच्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चाचणीच नसते. पैसे मोजकेच असतील तर आधी अमोनिया, मग नायट्राइट, पीएच आणि केएच. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर दुकानातलं निळं औषध (मिथिलीन ब्लू) ओतण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आकडा दिसला तर क्लोरीन घालवलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी घेऊन चौथा हिस्सा बदला, एअर पंप चालू ठेवा, खाद्य दोन दिवस बंद करा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा.